एक्केचाळिसावा क्रूस

लग्न होऊन मी उमुओगेलेत आले त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा डेडे इरोएग्बूंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माणूस पाहिला नव्हता, आवाजच आधी आला, भिंतीपलीकडून. मी मागच्या पडवीत गारीसाठी, म्हणजे भाजून खायच्या रव्यासाठी, कसाव्याचे कंद किसत बसले होते. किसणी थांबवली. नवी सून होते, घरातलं कुणी मला काही सांगत नव्हतं. जे कळायचं ते भिंतीतूनच.

पलीकडे आई आणि मुलगा भांडत होते. आई म्हणजे डा अहुदिया, माझ्या नवऱ्याची चुलती. मुलगा म्हणजेच इरोएग्बू, तेव्हा विशीचा; थोरल्या माणसाला आम्ही डेडे म्हणतो, थोरल्या बाईला डा. देशातलं यादवी युद्ध संपून सहा वर्षं झाली होती.

"काय सांगितलंस तू त्या मास्तरला?" आई विचारत होती. आवाजावरून कळत होतं की हे ती पहिल्यांदा विचारत नाहीये.

"नाव सांगितलं."

"कुणाचं?"

"तिचं. आणखी कुणाचं सांगणार?"

"नुसतं नाव? बापाचं नाही, घराण्याचं नाही? शेळी हरवली तरी माणूस सांगतो, न्वोसूची शेळी."

"शेळीचं नाव ओझोएमेना नसतं, आई. ते नाव तू ठेवलंस. मी नाही."

मग मुसळाचा आवाज सुरू झाला, रोजच्यापेक्षा जरा जोरात. जेवताना मी नवऱ्याला विचारलं, ओझोएमेना कोण? तो म्हणाला, सूपात मीठ कमी आहे. मी मीठ आणून दिलं.

पुढे वर्षानुवर्षं थोडं थोडं करून सगळं कळलं.

इरोएग्बूनंतर डा अहुदियाची दोन मुलं लागोपाठ गेली होती, चालायलाही लागली नव्हती. त्यानंतर मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं ओझोएमेना. म्हणजे, पुन्हा असं न घडो. आमच्याकडे नावं अशीच असतात. नाव कसलं, अख्खं वाक्य असतं. हाक मारली की आपोआप मागणंही होऊन जातं. आणि कुणी तसं मागणं मागितलं की ऐकणाऱ्यानं 'ईसे' म्हणायचं, तसंच होवो. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तोंडातून निघूनच जातं.

तर ही ओझोएमेना सहा वर्षांची आणि इरोएग्बू तेरा, तेव्हाची गोष्ट. बाप न्वोसू आघाडीवर गेला तो परत आला नव्हता. विमानं यायची, म्हणून शाळेच्या आवारात उडाराच्या झाडाखाली मोठं भुयार खणलं होतं. चौदा पायऱ्या खाली. वर ताडाचे ओंडके, त्यावर माती. भुयाराशेजारी छपराखाली मदतीचं दूध आणि सुका मासा वाटायचे, आणि ज्यांना उठवत नव्हतं त्या पोरांना चटईवर निजवायचे. ओझोएमेनाच्या पायांना सूज आली होती, केस तांबूस झाले होते. आई मिठाला गेली होती. मीठ तेव्हा शत्रूच्या बाजूलाच मिळायचं. बायका टोळीनं जंगलातून जायच्या, चार-पाच दिवसांनी यायच्या, काही येतही नसत.

दुपारी इरोएग्बू ओढ्यावर पाणी आणायला गेला. परत आला तर चटई रिकामी. मेलेली पोरं संध्याकाळपर्यंत ठेवत नसत, आवाराच्या मागे मोठा खड्डा होता. एक धर्मशिक्षक मास्तर वही घेऊन बसलेला असायचा. जाणाऱ्या पोराचं नाव लिहून ठेवायचा, उद्या आईबाप शोधत आले तर त्यांना सांगता यावं म्हणून. त्याने विचारलं, या चटईवरची तुझी का? नाव काय? पोरानं सांगितलं, ओझोएमेना. मास्तरनं मान हलवली, डोळे मिटले, म्हणाला, ईसे, बाळा, ईसे. आणि वही मिटली.

त्याला वाटलं पोरगा मागणं मागतोय.

तेरा वर्षांचा मुलगा पाण्याचं भांडं हातात धरून उभा. हे तिचं नाव आहे, असं तो काही बोलला नाही. का बोलला नाही, हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. विमानं आली असतील. किंवा नसतील आली.

मीही तेव्हा दहा वर्षांची होते, दुसऱ्या गावात. सरडे खाल्ले, शाळा दुसरीत सुटली. ते राहू दे, ही गोष्ट माझी नाही.

डा अहुदिया मीठ घेऊन आली. मुलानं सांगितलं, गेली. ती मास्तरकडे गेली. त्याने वही दोनदा वाचली. न्वोसूची मुलगी कुठेच नव्हती. आणि त्याच दिवसांत अशक्त पोरांना विमानात घालून दुसऱ्या देशात, गॅबॉनला नेत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं दोन आणि दोन जोडले. वहीत नाही, म्हणजे मेली नाही. मेली नाही, म्हणजे विमानात बसवली. युद्ध संपल्यावर ती पोरं परत आणली, तेव्हा ही बाई कितीदा शहरात जाऊन लॉऱ्यांजवळ उभी राहिली. कुणाची तरी पोरगी आपली वाटायची, जवळ जायची, परत यायची. मुलगा सांगत राहिला, आई, मी होतो तिथे. आई म्हणायची, तू ओढ्यावर होतास.

भिंतीपलीकडे ऐकलेलं भांडण ते. त्या भांडणात एक वाक्य डेडे सहज बोलू शकले असते, तू तर मिठाला गेली होतीस. मी कान लावून असायचे. इतक्या वर्षांत ते वाक्य काही आलं नाही.

डेडे आधी गवंडीकाम करायचे, पुढे शाळेत पहारेकरी लागले. लग्न उशिरा झालं. बायको आबा शहरातल्या बाजारात कापड विकायला गेली आणि तिथेच रमली. नाताळाला यायची, नवऱ्याला नवा सदरा आणायची, सासूशी भांडून जायची. ती म्हणायची, ज्या माणसाची दौलत म्हणजे जमिनीतलं एक भोक, त्याच्याजवळ मी काय म्हणून राहू? अगदीच खोटं नव्हतं ते.

भुयार पडत चाललं होतं. एकदा त्यात एक वासरू पडलं, तेव्हा गावानं ठरवलं, बुजवून टाकू. डेडेंनी काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन आत उतरले आणि गाळ उपसायला लागले. तीन महिने उपसत होते. ओंडक्यांच्या जागी सिमेंटच्या तुळया टाकल्या, तोंडाला लोखंडी दार बसवलं. मग बुजवायचं कुणी बोललं नाही. केलेलं काम बुजवायला लोकांना जड जातं.

मोठं युद्ध संग्रहालय शहरात आहे, सरकारी. तिथे तोफा आहेत, विमान आहे, तिकीट आहे. आमच्याकडे चौदा पायऱ्या आणि वटवाघळं. तरी माणसं यायची. शाळेच्या सहली, लेगोसहून गाडी घेऊन आलेली कुटुंबं, कधी एखादा गोरा वही घेऊन. किल्ली माझ्या दाराजवळच्या खिळ्याला असायची, कारण शाळेच्या फाटकाला माझं घर सगळ्यात जवळ. डेडे यायचे, म्हणायचे, "केलेचीच्या आई, किल्ली." मी म्हणायचे, "डेडे, ती काय माझ्याकडे मागता, खिळ्याकडे मागा." रोजचं होतं ते. हसायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे माझ्याकडेच.

पाहुण्यांना ते एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगत. डोकं खाली घ्या. चौदा पायऱ्या. इथे दोनशे माणसं उभी राहत. इथे दिवा. हवेसाठी ते भोक. बाहेर दूध वाटत. मागे खड्डा. बाजारातून आणायच्या सामानाची यादी वाचावी, तसं. कुणी विचारायचं, तुमचं कुणी गेलं का इथे? ते म्हणायचे, सगळ्यांचंच गेलं. आणि पुढच्या पायरीकडे दिवा धरायचे.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की यांच्या आत काही हलत नाही आता. बरेच जण तसेच राहिले आमच्यात. रडणारे लवकर मेले.

मग एका नाताळात इंजिनियर अनोसिके आले. आमच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष, पोर्ट हार्कोर्टला असतात, पोट पुढे, मन चांगलं. ते म्हणाले, खड्ड्यातल्या माणसांची नावं दगडावर कोरून लावू, संगमरवरावर. मास्तरची जुनी वही केव्हाच वाळवीनं खाल्लेली. तेव्हा घरोघर जाऊन नावं पुन्हा लिहून घ्यायची. ते काम कुणाला? अर्थात डेडेंना.

शाळेची नवी वही घेऊन ते महिनाभर दारोदार फिरले. माझ्या घरी आले तेव्हा मी माझ्या दिराचं नाव दिलं. बोटानं वहीतली पानं उलटून पाहिली. मला अक्षरं जुळवत वाचता येतं, वेळ लागतो. पहिल्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, एकच शब्द होता. ओझोएमेना. खाली पट्टीनं रेघ मारलेली. मग एक ओळ मोकळी. मग खाली सगळी नावं, बापाच्या नावासकट, छान सरळ.

माझ्या लक्षात आलं नाही. आता म्हणायला काय, म्हणेन की आलं होतं. नव्हतं आलं. मला एवढंच वाटलं, घरापासून सुरुवात केलीत, बरं केलंत. पन्नास वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदा लिहिलं असेल, म्हणून एवढं मोठं, म्हणून रेघ. बापाचं नाव घालायचं तेव्हा सुचलं नसेल. पुढच्या घरापासून सुचलं.

दगड आबाला कोरला. लॉरीतून आला, पांढऱ्या कापडात गुंडाळून. उद्घाटनाला बकरं कापलं, पाद्री आले, गावच्या वडीलधाऱ्यांनी मानाची कोलाची बी फोडली. इंजिनियरांनी कापड ओढलं. वरती वीतभर उंच अक्षरं. खाली चाळीस नावं दोन रांगांत, आणि प्रत्येक नावाच्या आधी एक छोटा क्रूस.

वरच्या शब्दाला क्रूस नव्हता. शीर्षकाला कोण क्रूस लावतो?

इंजिनियर भारावले होते. म्हणाले, आपल्या डेडेंनी वहीच्या माथ्यावर जे लिहिलं त्याहून चांगलं आमच्या समितीतल्या शिकलेल्यांनाही सुचलं नसतं. आणि मोठ्यानं वाचलं, "ओझो एमेना!"

सगळं आवार म्हणालं, "ईसे."

मीही म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मग डेडेंकडे पाहिलं. ते आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत होते.

तीन दिवसांनी ते इंजिनियरांकडे गेले. मी त्यांच्याच मागच्या दारी बायकांबरोबर कडू पाला धूत होते. ऐकण्याच्या बाबतीत माझं नशीब पहिल्यापासून चांगलं.

डेडे म्हणाले, यादीत एक नाव राहिलंय. कोणतं, म्हणून इंजिनियरांनी विचारलं. त्यांनी सांगितलं. इंजिनियरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "अहो डेडे, ते तर सगळ्यात वर आहे. राजाच्या आईचंही नाव कुणी एवढं मोठं कोरत नाही."

"ते नाव म्हणून नाही कोरलेलं."

"मग उद्या बैठकीत सांगू का, की ते नाव आहे म्हणून? ओकेरेके उठेल. म्हणेल, माझे दोन भाऊ खाली, बारीक अक्षरांत, आणि इरोएग्बूची बहीण डोक्यावर? वही कुणी लिहिली? तुम्ही. किल्ली कुणाकडे? तुमच्याकडे. काय सांगाल त्याला?"

डेडेंची चप्पल फरशीवर घासली.

"आणि खाली पुन्हा कोरायचं म्हटलं तर जागा कुठे आहे," इंजिनियर जरा हळू आवाजात म्हणाले. "कोरलं जरी, तरी वाचणारा म्हणेल, कारागिराची चूक, एकच शब्द दोनदा. डेडे, मला वाईट वाटतंय. खरंच."

मला पाला पिळताना ते सगळं एकदम कळलं. नाव आहे म्हटलं तर हा माणूस लबाड ठरतो. नाव नाही म्हटलं तर पोरगी पुन्हा वहीबाहेर. आणि घरी आई वाट बघत बसलेली, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की आता दगडावर लिहिलंय.

डा अहुदिया तेव्हा ऐंशीच्या पुढे. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. तिला उद्घाटनाला आणता आलं नव्हतं. ती म्हणाली, मला हात लावून बघायचंय. पुढच्या अफोला, म्हणजे आमच्या चार दिवसांच्या आठवड्यातल्या बाजारवारी, मी एका बाजूनं आणि डेडेंनी दुसऱ्या बाजूनं धरून तिला नेलं. वाटेत दोनदा बसली, दोन्ही वेळा मला म्हणाली की मी जाड झालेय आणि माझ्यामुळे वाट पुरत नाही.

डेडेंनी तिचा हात धरून वरच्या अक्षरांवर ठेवला. "हे तिचं."

तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "एवढं मोठं? ती काय कुणी राणी होती?"

"तुझी मुलगी होती."

तिला ते आवडलं. मग हात खाली गेला, बाकीच्या नावांवरून. ती तर वाचू शकत नव्हती, पण बोटं चाळीस वर्षं ताडाचं तेल गाळून शहाणी झालेली. एका ठिकाणी थांबली. दुसऱ्या ओळीवर गेली, तिसऱ्या.

"हे काय आहे, दर वेळी आधी?"

"क्रूस."

"मेलेल्यांचा?"

"हो."

हात परत वर गेला. पहिल्या अक्षराच्या डावीकडे गुळगुळीत दगड होता. तिने तिथे तळवा सपाट ठेवला, मग थोडा आणखी डावीकडे, कडेपर्यंत.

"हिला नाही," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "म्हणजे दगडवाल्यालाही ठाऊक आहे तर. ती नाही गेली."

डेडेंनी माझ्याकडे पाहिलं. मी उडाराच्या झाडाकडे पाहिलं. त्याला त्या वर्षी फळं बरी धरली होती. आम्ही तिला घरी आणलं. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, पोरगी आता पन्नाशीची असेल, नातवंडं असतील तिला, गॅबॉनमध्ये भाषा कोणती बोलतात ग?

मी म्हटलं, ठाऊक नाही, डा.

दर अफोला डेडे भुयार झाडायचे आणि दगड धुवायचे. बादली, नारळाच्या काथ्याचा घासणा, जुनं फडकं. आधी पुसायचे वरचा शब्द, मग रांगा. आता त्यांना परत यायला उशीर व्हायला लागला. मी एकदा गारी भाजून झाल्यावर बघायला गेले. ते खाली भुयार झाडत होते. मी दगड पाहिला. पहिल्या अक्षराच्या आधी एक बारीक उभा ओरखडा होता. नखाएवढा खोल नाही, पण होता.

ते वर आले. मी म्हटलं, "डेडे, दगडावर ओरखडा पडलाय."

त्यांनी पाहिलं. "शेळीनं शिंग घासलं असेल."

दगड माझ्या डोक्याच्या उंचीला. "शेळी उंच दिसते," मी म्हटलं.

"न्वोसूच्या शेळ्या उंचच असतात."

पंचेचाळीस वर्षांत त्या माणसानं माझ्याजवळ केलेली ही एक थट्टा. ते भिंतीपलीकडचं भांडण मी ऐकलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं तर. मी काही म्हटलं नाही. बादलीतलं घाण पाणी ओतून आले आणि दुसरं आणून ठेवलं.

त्यांच्याकडे गवंडीकामातल्या मोडक्या छिन्नीचं टोक होतं. हातोडी वापरत नसत, आवाज गावभर गेला असता. नुसत्या हातानं दाबून, थोडं थोडं. पाऊस सुरू झाला, भुयारात पाणी आलं, ते उपसलं, दगड धुतला, टोक काढलं. पाऊस संपत आला तेव्हा उभी रेघ खोल झाली होती. मग आडवी घेतली. आडवी जरा तिरकी गेली, उजवीकडे खाली. बाकीचे चाळीस यंत्रावर केलेले, सरळ. हा एक हाताचा.

त्या मधल्या महिन्यांत मला एक भीती होती, ती सांगते. ओकेरेके दर रविवारी चर्चहून येताना दगडाजवळ थांबायचा, भावांच्या नावांना हात लावायचा. मला वाटायचं, आज बघेल, आज बोंब मारेल. एका रविवारी त्याने खरंच पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं. मग क्रूसाची खूण केली स्वतःवर आणि गेला. पुढच्या नाताळाला इंजिनियरांनीही पाहिलं. क्रूसाकडे पाहिलं, डेडेंकडे पाहिलं, म्हणाले, मथळ्याला क्रूस शोभतोच. आणि भुयारातलं पाणी उपसायच्या पंपासाठी नवी नळी पाठवतो म्हणाले. पाठवलीही. क्रूसाला नको म्हणणारं आमच्यात कोण असणार? शब्द ज्याला मागणं वाटतो त्याला मागणं वाटला, त्यावरचा क्रूस देवाचा वाटला. लबाडी कुणाच्या मनात आली नाही.

पण ते नंतरचं. क्रूस पुरा झाला त्याच अफोला डेडेंनी मला बोलावलं, आईला न्यायचंय. या वेळी ती चार वेळा बसली. मला जाड म्हणाली नाही, दम नव्हता.

डेडेंनी हात धरला नाही. तिला दगडाजवळ उभी केली आणि मागे सरकले. तिने स्वतःच शोधलं. पहिलं अक्षर सापडलं, बोट डावीकडे गेलं, आणि खाचेत अडकलं. उभी खाच. मग आडवी. ती तिरकी होती तरी तिने ओळखली. बोट तिथेच राहिलं. मला वाटतं, चर्चमध्ये एक अख्खी प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ. वर झाडात वटवाघळं चिवचिवत होती, बाजारातून कुणीतरी कुणाला तरी आंधळा म्हणत होतं.

"म्हणजे गेली," ती म्हणाली.

"हो, आई."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू मिठाला गेली होतीस तेव्हा."

आलं एकदाचं ते वाक्य. मी अंग चोरून उभी होते. पण त्या वाक्यात काहीच नव्हतं, नुसती वेळ सांगितली होती. तिनेही तसंच घेतलं.

"मीठ मिळालं होतं मला त्या खेपेला," ती म्हणाली. "चांगलं मूठभर. पांढरं." मग हात पदराला पुसला. "चला आता. चुलीवर भांडं ठेवून आलेय."

चुलीवर काही नव्हतं. सकाळी मीच विझवली होती. आम्ही तिला घेऊन आलो.

त्यानंतर तिने गॅबॉनचं विचारलं नाही. हार्मटनचे धुळीचे वारे सुरू झाले तेव्हा ती गेली. रीतसर मयत झालं, आबाहून सून आली, तिनं नवा सदरा आणला आणि या वेळी भांडायला कुणी नव्हतं म्हणून दोन दिवस जास्त राहिली. डेडेंनी आईच्या थडग्यावरही क्रूस केला. तो सरळ होता.

पुढे चार वर्षं ते तेच करत राहिले. एक फरक पडला, तो पाहुण्यांना कळण्यासारखा नव्हता. खाली उतरण्याआधी ते दगडावरची नावं वाचून दाखवायला लागले. पहिल्यापासून सुरुवात. "ओझोएमेना," मग न थांबता दुसरं, तिसरं, सगळी एकाच सुरात. गावातली माणसं बरोबर असली तर पहिल्या नावानंतर 'ईसे' म्हणायची, सवयीनं. ते थांबत नसत. शेवटी म्हणायचे, एक्केचाळीस. एकदा एका सहलीतल्या मास्तरीणबाईंनी मोजलं आणि म्हणाल्या, बाबा, चाळीसच आहेत. ते म्हणाले, क्रूस मोजा. बाईंनी मोजले, एक्केचाळीस भरले. त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं. वहीत गेलं ते, हे मी स्वतः पाहिलं.

डेडे गेले ते न्क्वोच्या दिवशी सकाळी, झोपेतच, उंबऱ्याकडे तोंड करून. आदला दिवस अफोचा होता.

त्या अफोला ते नेहमीच्या वेळी आले. मी पडवीत गारी चाळत होते. म्हणाले, "केलेचीच्या आई, किल्ली." मी म्हटलं, खिळ्याकडे मागा. त्यांनी किल्ली काढली, माझ्या रांजणातून बादली भरून घेतली, काथ्याचा घासणा खांद्यावर टाकला आणि फाटकातून आत गेले. मला इथून दगडाचा वरचा कोपरा दिसतो. फडकं तिथे लागलं, डावीकडे जरा जास्त वेळ राहिलं, खाचेत माती बसते ना, मग उजवीकडे गेलं, मग खाली, तिथलं मला दिसत नाही. मग लोखंडी दार वाजलं. मग झाडूचा आवाज, पायरी पायरीनं खोल जाणारा, आणि पायरी पायरीनं वर येणारा.

परत आले. बादली उपडी घातली. किल्ली खिळ्याला अडकवली, नीट बसली की नाही ते हलवून पाहिलं.

"पाणी ओसरलंय," ते म्हणाले. "खालच्या दोन पायऱ्या ओल्या आहेत अजून. कुणी आलं तर सांग, जपून उतरा."

मी म्हटलं, सांगते. आणि ते घरी गेले.